मागणी आणि वेळापत्रक

गेल्या वेळी आपण ‘मागणी’ या शब्दापाशी थांबलो होतो. आज तोच शब्द रेल्वेच्या वेळापत्रकात काय करतो ते पाहू.

वेळापत्रक प्रवाशांच्या मागणीप्रमाणे असावं, हे कुणालाही पटेल. पण मागणी मोजायची कशी? गाडीत बसलेली माणसं मोजून. आता बघा, एक गाडी आठ वाजून पाच मिनिटांनी जंक्शनला पोचते. फाट्यावरची गाडी आठलाच सुटलेली असते, त्यानंतरची थेट दहाला. इथे गाडी बदलणारे किती सापडतील? जवळजवळ कुणीच नाही. मग निष्कर्ष निघतो, मागणी नाही. ज्याला प्रवास जमलाच नाही तो मोजणीत येत नाही, आणि मोजणीत नाही म्हणून त्याच्यासाठी गाडी नाही. न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात.

स्वित्झर्लंडने हा दोष टाळला तो गंमतीदार रीतीने. मे १९८२ पासून तिथे देशभर ठरावीक अंतराने गाड्या सुरू झाल्या, बहुतेक मार्गांवर तासाला एक. सात बाराला गाडी असेल तर आठ बारालाही असणार, भर दुपारीसुद्धा. डिसेंबर १९८७ मध्ये ‘बान २०००’ ही योजना सार्वमताने मंजूर झाली. तिची कल्पना अशी : मोठ्या स्थानकावर सगळ्या दिशांच्या गाड्या तासाच्या ठोक्याआधी जरा येतात, माणसं फलाट बदलतात, आणि ठोका पडून गेल्यावर गाड्या निघतात.

हे जमायचं तर दोन मोठ्या स्थानकांमधला प्रवास तासाच्या किंचित आत हवा. झुरिक ते बर्न ६९ मिनिटं लागत. जादा नऊच मिनिटं, पण त्यापायी पुढच्या सगळ्या जोडण्या हुकायच्या. म्हणून मॅटस्टेटन ते रोथ्रिस्ट हा सुमारे ४५ किलोमीटरचा नवा मार्ग बांधला, आणि डिसेंबर २००४ पासून प्रवास ५६ मिनिटांवर आला. त्याहून लवकर पोचून करायचं काय, फलाटावर उभं राहायचं? एरवी आधी रूळ टाकतात आणि मग त्यावर बसेल ते वेळापत्रक करतात. इथे वेळापत्रकाने सांगितलं, रूळ कुठे हवा. आम्हाला यातलं खरं शहाणपण हेच वाटतं.

गाड्या पाठोपाठ असतील तिथे एवढा खटाटोप लागत नाही. दादरला मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेवर जाताना कुणी वेळापत्रक बघतं का? एक लोकल गेली, दुसरी येते. पण दिव्याला उतरून वसईकडे निघालात, तर त्या मार्गावर प्रवासी गाड्या मोजक्याच. तिथे पाच मिनिटांची चूक तासांत मोजावी लागते.

राहता राहिला उशीर. समजा, येणारी गाडी सहा मिनिटं मागे आहे आणि तिच्यात जोडगाडीचे वीस प्रवासी आहेत. जोडगाडीत चारशे बसलेत. थांबवली तर चारशे गुणिले सहा, म्हणजे २,४०० मिनिटं गेली. सोडली तर विसांना तासभर थांबावं लागेल, म्हणजे १,२००. हिशोब म्हणतो, सोडा. पण ती शेवटची गाडी असेल तर विसांची अख्खी रात्र जाते, हिशोबच उलटतो. शिवाय त्या चारशेंपैकी काहींना पुढे आणखी गाडी गाठायची असेलच की! म्हणून कुठली गाडी किती मिनिटं थांबेल हे आधी ठरवून, जाहीर केलेलं असावं. ऐन वेळच्या मर्जीवर ते सोडू नये.

आता प्रश्न घेऊ या.