चेंडू देण्याची विद्या

झाशीचे नाव निघाले की मराठी माणसाच्या मनात प्रथम उभी राहते ती राणी लक्ष्मीबाई. परंतु याच शहराने देशासाठी आणखी एक वीर घडविला. त्याच्या हाती तलवार नव्हती. होती हॉकीची वाकडी काठी. मेजर ध्यानचंद यांचे निधन ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीस झाले. परंतु त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते झाशीत, आणि तेही तेथील हॉकीच्या मैदानावर. खेळाडू म्हणून त्यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. वाचकहो, येथे त्यांचे स्मरण करावयाचे आहे ते शिक्षक म्हणून.

त्यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ रोजी अलाहाबादेस झाला. वडील सैन्यात असल्याने घराची सतत हलवाहलव होई. अखेर कुटुंब झाशीस स्थिरावले. लहानपणी या मुलाला हॉकीचे विशेष वेड होते असे नाही. १९२२ साली तो साधा शिपाई म्हणून पलटणीत दाखल झाला, आणि तेथे त्याला सुभेदार-मेजर बाले तिवारी हे गुरू भेटले. काठी कशी धरावी, चेंडू कसा राखावा, याचे पहिले धडे त्यांनीच दिले. दिवसाची कामगिरी आटोपल्यावर हा तरुण चांदण्यात सराव करीत बसे आणि त्यावरूनच ध्यानसिंगाचा 'ध्यानचंद' झाला, असे सांगतात. नाव कसेही पडलेले असो, त्यामागचा कष्टाचा भाग खरा आहे.

पुढचा इतिहास उज्ज्वल आहे. १९२८ साली ॲम्स्टरडॅम येथील ऑलिंपिकमध्ये भारताने सुवर्णपदक मिळविले. त्या स्पर्धेत ध्यानचंदांनी एकट्याने १४ गोल केले आणि भारतावर एकही गोल झाला नाही. १९३२ साली लॉस एंजेलिसला धाकटे बंधू रूपसिंगही त्यांच्यासोबत होते. अमेरिकेविरुद्धचा सामना भारताने २४–१ असा जिंकला. त्यांच्या काठीला चेंडू चिकटून राहतो, ही काही जादू असावी, असे लोक म्हणू लागले. परंतु जादू म्हटले की शिकण्यासारखे काही उरत नाही. ध्यानचंदांच्या खेळात मात्र शिकण्यासारखे पुष्कळ होते, आणि त्यांतले सर्वांत मोठे म्हणजे वेळेवर दुसऱ्याला चेंडू देणे.

आपला सर्वोत्तम सामना कोणता, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर या दृष्टीने मननीय आहे. तीन ऑलिंपिक स्पर्धा गाठीशी असलेल्या या पुरुषाने नाव घेतले ते १९३३ च्या बेटन चषकाच्या अंतिम सामन्याचे. कलकत्त्यात झालेल्या त्या सामन्यात 'झाशी हीरोज' हा त्यांच्या गावचा संघ बलाढ्य 'कलकत्ता कस्टम्स'समोर उभा होता. प्रतिपक्षाचा जोर मोठा होता. तशात ध्यानचंदांनी एक लांब चेंडू पुढे दिला, इस्माईल नावाच्या त्यांच्या सहकाऱ्याने वाऱ्याच्या वेगाने धावून तो गाठला आणि गोल केला. सामन्याचा निकाल लावणारा तो गोल इस्माईलचा होता, ध्यानचंदांचा नव्हे. तरीही हाच सामना त्यांना सर्वांत प्रिय वाटावा, यात त्यांच्या स्वभावाचे मर्म आहे.

१९३६ साली बर्लिनला ते संघनायक होते. ऑलिंपिकपूर्वीच्या एका सराव सामन्यात जर्मनीने भारताला ४–१ असे हरविले. या पराभवाने नायकाची झोप उडाली. एकट्याच्या कौशल्यावर विसंबून चालणार नाही, आघाडीची फळी एकमेकांना समजून खेळली पाहिजे, हे ओळखून दारा या खेळाडूला हिंदुस्थानातून तातडीने बोलावून घेण्यात आले. १५ ऑगस्ट १९३६ रोजी त्याच जर्मनीवर भारताने ८–१ असा विजय मिळविला.

१९५६ साली ते मेजर म्हणून सैन्यातून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यानंतर त्यांनी मार्गदर्शनाचे काम पत्करले. पतियाळा येथे १९६१ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत ते हॉकीचे मुख्य प्रशिक्षक होते. ही संस्था प्रशिक्षक तयार करते. म्हणजे तेथे शिकविणारा हा शिक्षकांचाही शिक्षक. बाले तिवारींनी एका शिपायाला जे दिले, तेच तो शिपाई आता पुढच्यांच्या हाती सोपवीत होता.

आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी झाशीत काढली. प्रकृती ढासळल्यावर त्यांना दिल्लीच्या रुग्णालयात नेण्यात आले, आणि तेथील सामान्य कक्षातच त्यांचा अंत झाला. पुढे सन्मान पुष्कळ झाले. दिल्लीच्या राष्ट्रीय क्रीडागाराला २००२ साली त्यांचे नाव मिळाले; त्यांचा जन्मदिवस राष्ट्रीय क्रीडादिन म्हणून पाळला जातो; देशाचा सर्वोच्च क्रीडापुरस्कार २०२१ पासून त्यांच्या नावे दिला जातो. हे सर्व उचितच आहे. परंतु गुरूचे खरे स्मारक दगडात असते की शिष्यांत, याचा विचार आपण करावयास हवा.

झाशीहून ललितपूरच्या वाटेने निघाले की बिजौली लागते. आज हा भाग कारखान्यांमुळे ओळखला जातो. अशा गावांतील मुलांना हॉकी शिकणे पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हा खेळ कृत्रिम हिरवळीवर गेला, आणि तसे मैदान घालणे फार खर्चाचे आहे. त्या वर्षी भारत प्रथमच पदकावाचून परतला. परंतु १९७५ साली, गवतावरच्या विश्वचषकात, अंतिम सामन्याचा निर्णायक गोल झाशीच्याच एका मुलाने केला होता. तो ध्यानचंदांचा पुत्र अशोककुमार. २०२१ आणि २०२४ सालच्या ऑलिंपिकमध्ये मिळालेली कांस्यपदके पाहता ही परंपरा संपली असे कोणी म्हणू नये.

हिरवळ आणून देणे प्रत्येक कुटुंबाला शक्य नाही. परंतु मैदानावरून परतलेल्या मुलाला काय विचारावे, हे तर आपल्या हाती आहे. 'आज किती गोल केलेस?' हा प्रश्न आपण सारेच विचारतो. त्याच्या जोडीला 'आज चेंडू कोणाला दिलास?' हेही विचारावे. ज्याने मुलांना चार गोष्टी शिकविल्या, त्या गावच्या क्रीडाशिक्षकाची त्याच्या हयातीतच विचारपूस करावी. ध्यानचंदांचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग दुसरा नाही.