हिंगणघाटचा कापूस, गोदावरीची वाट

लॉक म्हटले की मराठी माणसाला कुलूप आठवते. गोदावरीच्या मुखाकडच्या तेलुगू माणसाला मात्र ‘लाकुलु’ म्हटले की कालव्यावरची जागा आठवते : दोन दगडी भिंती, दोन्ही टोकांना दरवाजे आणि मध्ये नाव मावेल एवढा हौद.

वरून आलेली नाव हौदात घ्यायची, मागचे दार लावायचे, पुढची झडप उघडून पाणी हळूहळू सोडायचे. पाण्याबरोबर नाव उतरते. पातळी सारखी झाली की पुढचे दार उघडते. पंप नाही, इंजिन नाही. दाराच्या दोन फळ्या मिटल्यावर सरळ रेषेत येत नाहीत, वरच्या पाण्याकडे टोक करून राहतात. मग पाण्याचा दाबच त्यांना घट्ट बसवतो. नोंदी घेणाऱ्याला हे ठाऊक हवे. दारे कुजून गेली तरी उंबऱ्याच्या दगडाचे ते टोक उरते, आणि पाणी कुठून येत होते ते सांगते.

आर्थर कॉटन यांनी राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम येथे १८४७ ते १८५२ या काळात बंधारा बांधला. त्यातून निघालेले कालवे शेतीसाठी होते तसेच नावांसाठीही, म्हणून त्यांच्यावर लॉक आले. एवढ्यावर कॉटन थांबले नाहीत. गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या मार्गाने हिंगणघाटचा कापूस नावेने थेट बंगालच्या उपसागरापर्यंत न्यायचा, असा त्यांचा आग्रह होता. १८६० च्या करारात निजामाने डाव्या काठचा मुलूख इंग्रजांना दिला आणि नदीवरची वाहतूक जकातमुक्त झाली. सिरोंचा हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाला सोन्याचा भाव आला होता. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल (पुढे मुंबईचे गव्हर्नर) यांनीही या योजनेत लक्ष घातले.

अडचण होती खडकाची. दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरचे देवलमरी अशा तीन ठिकाणी नदी खडकांवरून उतरते. तिथे बंधारा घालून, बाजूने कालवा काढून, लॉकमधून नाव चढवायची होती. दुम्मागुडेमचे काम बरेच पुढे गेले. वरची दोन अडलेलीच राहिली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि १८७१ मध्ये सरकारने योजना सोडून दिली.

रेल्वेने नदीला हरवले, असे सरसकट लिहिले जाते. मला ते अर्धेच पटते. आगगाडी बारा महिने धावते. आपल्या नद्या उन्हाळ्यात खडकांमधल्या डोहांपुरत्या उरतात. लॉक नावेला चढवू शकते, नदीत पाणी आणू शकत नाही. तेच कॉटन धवळेश्वरला यशस्वी ठरले, कारण तिथे कालव्यातली पातळी बंधाऱ्याच्या हाती होती.

म्हणून मी लॉकचा फोटो इमारतीसारखा काढत नाही. पहिला फोटो पाण्याच्या पातळीचा, तारखेसह. मग हौदाची रुंदी मोजपट्टी ठेवून. केवढी नाव अपेक्षित होती, ते त्या मापावरून कळते. मग दाराचा खांब फिरावा म्हणून कोरलेली अर्धगोल खोबण, आणि दुरुस्तीच्या वेळी पाणी अडवायला आडव्या फळ्या सोडण्याच्या उभ्या खाचा. काठाच्या दगडावर दोरांनी पाडलेले चरे असतील तर ते सकाळच्या तिरप्या उन्हातच दिसतात. चरे खोल असतील तर नावा खूप गेल्या. कोपरे अजून धारदार असतील तर फारशा गेल्याच नाहीत. कागदावरच्या टनांपेक्षा माझा या दगडावर जास्त विश्वास आहे.

हे सारे झपाट्याने जाते आहे. कालवे आजही पाणी वाहतात, म्हणून दुरुस्ती होणारच; खोबणी सिमेंटने भरतात, लाकडी दाराजागी लोखंडी पडदा येतो. शेतकऱ्याला पाणी हवे, त्यात चूक काही नाही. पण सिमेंट पडण्याआधी कुणी अर्धा तास मोजपट्टी लावली, तर खर्च काहीच नाही. किल्ल्यांच्या फोटोंचे ढीग आपल्याकडे आहेत. त्यातल्या एखाद्या सहलीने सिरोंचाच्या पुढची वाट धरावी.

दिवाळीनंतर पाणी उतरू लागते. प्राणहितेच्या काठच्या कुणाच्या घरी देवलमरीच्या खडकाचे जुने फोटो असतील, किंवा आजोबांनी सांगितलेली नावांची आठवण असेल, तर ती या उन्हाळ्याआत लिहून काढावी. सांगणाऱ्याचे वय आणि गावही सोबत नोंदवावे.