ज्येष्ठमध, गुडघ्याची गोळी आणि पोटातला व्रण



आळंदीला जाताना आम्ही दिघीला एका जुन्या सभासदांकडे थांबलो. चहा आला, पण काकांनी कप सारला. “साहेब, पोटात आग पडते. गुडघ्याची गोळी रोज घेतो, वर ज्येष्ठमध चघळतो. लागू पडतं का हो?”

नवे खत आले की आपण एक वाफा खताचा, शेजारचा बिनखताचा ठेवतो. प्रयोगशाळेतही तसेच. उपाशी उंदरांच्या एका गटाला नुसते व्रण पाडणारे औषध देतात, दुसऱ्याला त्याआधी वनस्पतीचा अर्क, तिसऱ्याला माहितीतले औषध. मग जठर उघडून व्रण मोजतात. पण वाफ्यात साधले ते शिवारात साधेलच असे नाही; माणसांवर पाहावे लागते.

ज्येष्ठमध तिथवर पोचले. १९४६ साली हॉलंडचे डॉ. रेव्हर्स यांना रुग्णांत गुण दिसला, पण काहींच्या अंगावर सूज आली. पुढे त्यातून कार्बेनॉक्सोलोन औषध निघाले. तेही रक्तदाब वाढवी, पोटॅशियम घटवी, म्हणून मागे पडले. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वॉरन व मार्शल यांनी जठरातला जंतू वेगळा काढला. २००५ चे नोबेल त्यांना मिळाले. व्रणाची मुख्य कारणे दोन: हा जंतू आणि दुखण्यावरच्या गोळ्या.

आम्ही म्हटले, “काका, बांध फुटलेला ठेवून पाणी कसं अडेल? आधी गोळीचं डॉक्टरांना विचारा. रक्तदाब असेल तर ज्येष्ठमध नकोच. शौचास डांबरासारखं काळं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना.”

काका गेले; डॉक्टरांनी गोळी बंद केली. आपल्या घरातला गोळ्यांचा डबाही आज एकदा उघडून पाहावा, ही विनंती.