पिकांचा शेजार : कधी आधार, कधी स्पर्धा

जालना : खडकाळ समुद्रकिनाऱ्यावर निरनिराळ्या जातींची शैवाले प्रकाश आणि जागेसाठी एकमेकांशी झुंजतात. समुद्रापासून दूर असलेल्या जालना जिल्ह्यातील शेतातही हाच खेळ चालतो. येथे मात्र कोणाला कोणाचा शेजार द्यायचा, हे शेतकरी ठरवतो. सरासरी ६५० ते ७५० मिलिमीटर पाऊस आणि तोही बेभरवशाचा. त्यामुळे हा निर्णय चुकला, तर हंगाम हातचा जातो.

सोयाबीन आणि तूर ही या भागातील परिचित जोडी. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी पेरण्याची पद्धत आहे. पहिले दीड-दोन महिने तुरीची वाढ संथ असते. त्या काळात सोयाबीन प्रकाश आणि जमिनीच्या वरच्या थरातील ओल वापरून घेते. सुमारे १०० दिवसांत त्याची काढणी होते आणि मग तुरीला मोकळी जागा मिळते. तिची मुळे खोलवर जात असल्याने दोघींचे पाण्याचे साठेही काही अंशी वेगळे असतात.

जमिनीखालचे व्यवहार अधिक गुंतागुंतीचे आहेत. तुरीच्या मुळांतून पाझरणारे पिसिडिक आम्ल लोहाशी जखडलेले स्फुरद मोकळे करते, असे हैदराबादजवळील इक्रिसॅटमधील संशोधकांनी १९९० मध्ये दाखवले. हा निष्कर्ष लाल जमिनीतला. मराठवाड्याच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीस तो जसाच्या तसा लागू होत नाही. ज्वारीच्या सोबतीने तुरीवरील मर रोग कमी होतो, असेही प्रयोगांत आढळले आहे. मात्र द्विदल पीक शेजाऱ्याला लगेच नत्र पुरवते, हा समज अपुरा आहे. बरेचसे नत्र गळालेली पाने आणि मुळे कुजल्यावर पुढील पिकाला मिळते.

लाभ मोजण्याची रीत सोपी आहे. समजा, एका एकरातील मिश्र पिकात सोयाबीनचे उत्पादन स्वतंत्र पिकाच्या ७० टक्के आणि तुरीचे ६० टक्के आले, तर तेवढ्याच उत्पादनासाठी स्वतंत्र पेरणीत १.३ एकर जमीन लागली असती. बेरीज एकाच्या खाली आली, तर शेजार तोट्याचा ठरतो.

ओळी दाटल्या किंवा परतीचा पाऊस रुसला, की सोबती स्पर्धक होतात. कपाशीत उशिरा येणारी तूर दाट पेरल्यास बोंडे भरण्याच्या काळात ओलीसाठी ओढाताण होते. त्यामुळे बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचे बीडीएन-७११ यांसारखे तुलनेने लवकर येणारे वाण उपयुक्त ठरते. शेजार निवडताना पिकाच्या नावाइतकेच त्याचे दिवस, मुळांची खोली आणि ओळींतील अंतर पाहावे लागते.