डोळे आले, पण कुणामुळे?

हिंगोली जिल्ह्यातल्या वारंगा फाट्यावर कधी गरमागरम खिचडी खाल्लीय? नागपूरकडून आलेली गाडी, नांदेडला निघालेली गाडी, हिंगोलीची एसटी, सगळ्या इथे भेटतात. आता समजा, एका प्रवाशाचे डोळे आलेत. त्याने डोळा चोळला आणि त्याच हाताने एसटीच्या दारातली दांडी धरली. मागून चढणाऱ्याने तीच दांडी धरली आणि मग आपला डोळा पुसला. झालं! विषाणू बिनतिकीट पुढच्या गावाला निघाला. (आलेल्या डोळ्यांकडे नुसतं बघितल्याने आपले डोळे येत नाहीत बरं का. हात, रुमाल आणि टॉवेल यांच्यापासून जपायचं!)

2023 च्या जुलैत आळंदीत कितीतरी मुलांचे डोळे आले आणि बघता बघता महाराष्ट्रभर साथ पसरली. सगळ्यांचे डोळे सारखेच लाल, सारखेच चिकट. पण आत कोण बसलंय, हे आरशात बघून कळत नाही. तो अ‍ॅडिनोव्हायरस असू शकतो, नाहीतर एंटेरोव्हायरस. दोघांतही पुन्हा कितीतरी प्रकार!

मग शोधायचं कसं? डॉक्टर खालची पापणी हळूच ओढून आतून कापसाची काडी फिरवतात. ती काडी बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत जाते. पुण्याला 1952 पासून अशी एक मोठी संस्था आहे, आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. काडीवर विषाणू असतात अगदी थोडे, म्हणून पीसीआर यंत्रात त्यांच्या जनुकाच्या एका तुकड्याच्या प्रती काढतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. असं तीस वेळा दुप्पट केलं की आकडा शंभर कोटींच्या पुढे जातो! करून बघा वहीत. मग त्या तुकड्यातली रासायनिक अक्षरं वाचायची आणि माहीत असलेल्या विषाणूंशी ताडून बघायची. एंटेरोव्हायरसची सगळी अक्षरं मिळून साधारण साडेसात हजार, अ‍ॅडिनोव्हायरसची छत्तीस हजारांच्या आसपास.

औषध तर बहुतेक वेळा लागतच नाही, डोळे आपोआप बरे होतात. मग एवढा खटाटोप कशाला? त्यासाठी 1971 च्या मुंबईत जाऊ या.

त्याआधी दोन वर्षं, म्हणजे माणूस चंद्रावर उतरला त्या 1969 साली, आफ्रिकेतल्या घानामध्ये डोळ्यांची एक नवीच साथ आली. लोक तिला चंद्रावर गेलेल्या यानाच्या नावावरून ‘अपोलो’च म्हणू लागले! ती पसरत पसरत मुंबईत पोचली. डोळे काही दिवसांत बरे झाले. पण थोड्याच आठवड्यांत मोजक्या मोठ्या माणसांच्या पायांतली ताकद गेली. पायांचा आणि डोळ्यांचा काय संबंध? मुंबईतले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो संबंध ओळखला आणि 1973 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. मला तर ही फार मोठी गोष्ट वाटते. रुग्ण पाय दाखवायला आला असताना डॉक्टरांनी विचारलं, मागे तुमचे डोळे आले होते का?

या साथीमागचा विषाणू होता एंटेरोव्हायरस 70. त्याला 33 अंश सेल्सिअसच्या आसपासची ऊब मानवते. आपलं शरीर 37 अंशांचं, पण डोळ्याचा पुढचा भाग हवेमुळे थोडा थंड असतो. राहायला जागा कशी अचूक शोधलीय पाहा!

हा 70 नंबरवाला आता क्वचितच सापडतो. नंतरच्या बऱ्याच मोठ्या साथींत त्याचा भाऊबंद, कॉक्सॅकीव्हायरस ए 24 चा एक बदललेला प्रकार, हाती लागला. म्हणून नवी साथ आली की काडी पुन्हा फिरवावीच लागते. मागच्या साथीचं उत्तर या वेळी चालत नाही.