रुमाल, कागद आणि शोधाच्या अटी

कोल्हापूर पुराभिलेखागारांतील मोडी कागदांची सूची लुसीनसारख्या शोधयंत्रासाठीं करावयाची झाल्यास रुमाल हा जनक-लेख व आंतील प्रत्येक कागद हा अपत्य-लेख मानावा. समजा, एका रुमालांत ताराबाईंचें इ. स. १७०५ चें पत्र आहे व वारणेच्या तहाच्या सालचा, म्हणजे १७३१ चा, अन्य कोणाचा कागद आहे. ‘लेखक ताराबाई’ व ‘साल १७३१’ या अटी निरनिराळ्या जोडल्यास तो रुमाल शोधांत येतो आणि नसलेल्या पत्राचा भास होतो. म्हणून दोन्ही अटी प्रथम एकाच कागदास लावून मग त्याचा रुमाल काढावा. मात्र तह करणारे शाहू व संभाजी या उभयतांचीं पत्रें असलेला रुमाल हवा असल्यास अटी निरनिराळ्याच ठेवाव्या. अन्यथा कांहींच हातीं लागणार नाहीं.