जुनी वाइन म्हणजे चांगली वाइन?

परदेशात मित्रांच्या जेवणात वीस वर्षांची बाटली उघडली, की घोट घेण्याआधीच कौतुक सुरू होतं. पण लोणच्यासारखी प्रत्येक वाइन मुरत नाही. बहुतेक वाइन काही वर्षांत पिण्यासाठीच बनतात. लाल वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीचा तुरटपणा आणि आंबटपणा भरपूर असेल, तर ती सहसा टिकते. मग तुरटपणा मऊ होतो, ताज्या फळाऐवजी सुकामेव्याचा, चामड्याचा वास येतो, तळाशी गाळ बसतो. म्हणून ती हळू ओततात.

डिंगोऱ्याच्याच जुन्नर तालुक्यात, नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात फ्रेंच तंत्राने ‘ओमर खय्याम’ ही फेसाळ वाइन बनवली. ती परदेशातही गेली. अशी वाइन कारखान्यातच, बाटलीतल्या यीस्टच्या गाळावर मुरते. भेट मिळालेली बाटली उन्हाळाभर कपाटात ठेवली, तर ती मुरत नाही, बिघडते.